इंग्रजीत ठासून "नाही" म्हणायचंय? आधी आपला "च" शोधा

परवा बारावीच्या बॅचमधली एक मुलगी वहीत वाक्य लिहून घेऊन आली, "आय डिडन्ट नेव्हर टोल्ड हिम". मी विचारलं, तुला मराठीत काय म्हणायचं होतं गं? तर पटकन म्हणाली, "मी त्याला कध्धीच सांगितलं नाही, मॅडम." मराठी वाक्य एकदम खणखणीत, कध्धीच मधला तो डबल ध, त्याला चिकटलेला च, वर शेवटी नाही, आणि हे सगळं तिनं जसंच्या तसं उचलून इंग्रजीत नेऊन ठेवलं म्हणून तिथे वाक्य मोडलं. मुलगी हुशार आहे, चूक तिच्या डोक्यात नाही, चूक आहे ती आपल्याला हे कुणी नीट सांगतच नाही यात. शाळेत "नो सूनर दॅन", "नॉट ओन्ली बट ऑल्सो" अशी वाक्यं आपण घोकतो, डू ॲज डायरेक्टेडला दोन-चार मार्क मिळवतो आणि पुढे आयुष्यभर ती वाक्यं बोलण्यात कधी येत नाहीत, कारण ती मराठीतल्या कुठल्या वाक्याच्या जागी वापरायची तेच माहीत नसतं.

म्हणून मी शिकवताना उलटीकडून सुरू करते. मराठीत आपण जोर शब्दाला चिकटवतो, च लावतो, सुद्धा लावतो, तर लावतो, आणि काम होतं. इंग्रजीत च नाही. तिथे जोर द्यायला कधी वेगळा शब्द घ्यावा लागतो, कधी शब्दांची जागा हलवावी लागते आणि कधी नुसता आवाज चढवावा लागतो. यातलं काय करायचं ते आपला च कुठे बसलाय त्यावर ठरतं, एवढं एक लक्षात ठेवून पुढे वाचा.

पहिली पायरी: मराठी वाक्य लिहा आणि च ला गोल करा

खरोखर कागदावर लिहा, मनातल्या मनात नको. समजा विषय असा आहे की ऑफिसातली एक गोष्ट तुम्ही साहेबांना सांगितली नाही. आता हे बघा किती तऱ्हांनी म्हणता येतं.

"मी साहेबांना सांगितलंच नाही." इथे च क्रियापदावर आहे, म्हणजे सांगण्याची क्रियाच झाली नाही. याला इंग्रजीत "आय नेव्हर टोल्ड द बॉस". आपल्याला शाळेत नेव्हर म्हणजे कधीच नाही एवढंच शिकवतात पण रोजच्या इंग्रजीत नेव्हर हा आपल्या "-लंच नाही" चं काम करतो, अगदी एकाच वेळच्या गोष्टीसाठीसुद्धा. "तू मला सांगितलंच नाहीस!" म्हणजे "यू नेव्हर टोल्ड मी!" आणि "मी असं म्हणालेच नाही" म्हणजे "आय नेव्हर सेड दॅट". हे एक जरी तुमच्या तोंडात बसलं ना तरी तुमचं इंग्रजी लगेच मोकळं वाटायला लागतं, माझ्या बॅचमध्ये मी हे पहिल्याच दिवशी शिकवते.

"मीच साहेबांना सांगितलं नाही." आता च माझ्यावर आला, म्हणजे जबाबदारी माझी. इथे "आय ॲम द वन हू डिडन्ट टेल द बॉस". पुस्तकात "इट वॉज आय हू" असं सापडेल, ते बरोबर आहे पण बोलताना फार ताठ वाटतं, "आय ॲम द वन हू" हेच म्हणा.

"साहेबांनाच सांगितलं नाही." म्हणजे बाकी सगळ्या गावाला सांगितलं. "आय टोल्ड एव्हरीवन बट द बॉस", किंवा "द बॉस इज द वन पर्सन आय डिडन्ट टेल".

वाक्य एकच, च तीन ठिकाणी, आणि इंग्रजीत तीन वेगळे साचे. नुसतं "आय डिडन्ट टेल द बॉस" लिहिलं तर यातला कुठलाच अर्थ पूर्ण पोचत नाही, आणि मग आपल्याला वाटत राहतं की इंग्रजीत मनातलं नीट सांगताच येत नाही. येतं. साचा चुकीचा निवडलेला असतो.

दुसरी पायरी: एका वाक्यात एकच नाही

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, इथे घाई करू नका. मराठीत नकार डबल असतो आणि त्यात काहीच चूक नाही. कोणीच आलं नाही, मी काहीच खाल्लं नाही, तो कुठेच जात नाही. कोणीच, काहीच, कुठेच हे शब्द नकाराच्या सोबतीला येतात आणि नाही तर पाहिजेच. इंग्रजीत मात्र शाळेच्या, परीक्षेच्या, इंटरव्ह्यूच्या भाषेत एका नकाराला एकच नकारी शब्द चालतो.

इंग्रजीत यासाठी दोन घराणी आहेत असं समजा. एक नो-वालं: नोबडी, नथिंग, नेव्हर, नोव्हेअर. दुसरं एनी-वालं: एनीबडी, एनीथिंग, एव्हर, एनीव्हेअर. क्रियापदाजवळ नॉट आला असेल तर एनी-वाला शब्द घ्यायचा, "आय डिडन्ट ईट एनीथिंग". नो-वाला शब्द घेतला तर क्रियापद स्वच्छ ठेवायचं, "आय एट नथिंग". दोन्ही बरोबर, पण "नथिंग" वाल्यात जोर जास्त आहे, तो आपल्या "काहीच नाही" च्या जवळ जातो. आणि एक खड्डा आहे तो सांगून ठेवते, वाक्याची सुरुवात एनी-वाल्या शब्दानं करून पुढे नॉट आणता येत नाही. "एनीबडी डिडन्ट कम" हे वाक्यच होत नाही, तिथे "नोबडी केम" हेच.

आता कुणी म्हणेल की इंग्रजी गाण्यांत तर "आय डोन्ट वॉन्ट नो..." असं सर्रास ऐकू येतं. बरोबर आहे, येतं, आणि ते अडाणीपणाचं नाही. इंग्रजीच्या कितीतरी बोलींमध्ये असा दुहेरी नकार आजही आहे आणि काही शतकांपूर्वी तर लिहिण्याच्या इंग्रजीतही होता, अगदी आपल्या मराठीसारखाच. पुढे प्रमाण इंग्रजीनं तो सोडला आणि व्याकरणाच्या पुस्तकांनी तो चुकीचा ठरवला. तुम्ही नवीन आहात तोवर एकच नाही ठेवा, कारण समोरचा तुमचं वाक्य बोली म्हणून ऐकणार नाही, चूक म्हणून ऐकेल.

हार्डली, स्केर्सली, रेअरली, सेल्डम हे शब्दसुद्धा आतून नकारीच आहेत. "आय कॅन हार्डली हिअर यू" एवढंच, "कान्ट हार्डली" नाही.

याच पायरीत आपल्याकडची सगळ्यात पसरलेली चूक बसते. मराठीत आपण म्हणतो, "जोपर्यंत पाऊस थांबत नाही तोपर्यंत निघू नका." बघा, पावसाच्या वाक्यात नाही आहे. म्हणून आपण इंग्रजीत लिहितो "अनटिल द रेन डझन्ट स्टॉप". नोटीस बोर्डावर, सोसायटीच्या ग्रुपवर, अगदी ऑफिसच्या मेलमध्ये मी हे वाचलंय. अनटिल म्हणजे नुसतं जोपर्यंत नाही, अनटिलच्या पोटातच "थांबेपर्यंत" आहे. म्हणून मराठी वाक्य आधी बदला, "पाऊस थांबेपर्यंत निघू नका", आता त्यात नाही उरला नाही, आणि सरळ "डोन्ट लीव्ह अनटिल द रेन स्टॉप्स". अनलेसचंही असंच, "पैसे भरले नाहीत तर" एवढं सगळं एका अनलेसमध्ये आलंय, "अनलेस यू पे" म्हणा, "अनलेस यू डोन्ट पे" म्हटलं की अर्थच उलटा होतो.

तिसरी पायरी: छोटा जोर

प्रत्येक वेळी भाषण ठोकायचं नसतं. रोजच्या बोलण्यात अजिबात, मुळीच, जराही, एकही, साधा एवढ्यानं काम होतं आणि यांना इंग्रजीत तयार जोड्या आहेत.

अजिबात, मुळीच याला "ॲट ऑल", आणि तो शेवटी जातो. "आय डोन्ट लाइक इट ॲट ऑल." एकही म्हणजे "नॉट अ सिंगल", "नॉट अ सिंगल बस स्टॉप्ड". काडीचाही संबंध नाही असं जेव्हा म्हणायचं असतं तिथे "व्हॉटसोएव्हर" बसतो, "आय हॅव नो कनेक्शन व्हॉटसोएव्हर विथ दॅट कंपनी". हा शब्द जरा भारी आहे, तक्रारीच्या पत्रात, खुलाशात शोभतो, भाजीवाल्याशी बोलताना नको.

साधा फोनसुद्धा केला नाही, यातल्या सुद्धाकडे नीट बघा. मराठीत सुद्धा ज्याला लावायचा त्याच्या मागे येतो आणि इंग्रजीत ईव्हन ज्याला लावायचा त्याच्या पुढे येतो, आणि इथे गाडी हमखास घसरते. "त्यानं फोनसुद्धा केला नाही" म्हणजे "ही डिडन्ट ईव्हन कॉल". "त्यानंसुद्धा फोन केला नाही" म्हणजे बाकीच्यांचं सोडा पण त्याच्याकडून तरी अपेक्षा होती, ते "ईव्हन ही डिडन्ट कॉल". पहिल्यात फोन न केल्याचा राग आहे, दुसऱ्यात माणसाबद्दलचं दुःख आहे. लग्नाच्या घरात ही दोन वाक्यं अदलाबदल झाली तर केवढा गैरसमज होईल विचार करा.

आणि सगळ्यात सोपा, फुकटचा जोर म्हणजे जोडलेला शब्द सोडवणं. "आय डिडन्ट टेक इट" हे साधं वाक्य. "आय डिड नॉट टेक इट" म्हणताना नॉटवर आवाज टाकला की झालं "मी घेतलेलं नाही म्हणजे नाही". पण याचीच दुसरी बाजू अशी की आपल्यातले खूप लोक रोजच्या बोलण्यातही "आय डू नॉट नो", "आय विल नॉट कम" असं सुटं सुटं बोलतात, आपल्याला ते शुद्ध वाटतं आणि समोरच्याला वाटतं हा चिडलाय का. साध्या नकाराला डोन्ट, वोन्ट वापरा, सुटा नॉट ठासून सांगायच्या वेळेसाठी राखून ठेवा.

चौथी पायरी: नकार पुढे, मग प्रश्नासारखी उलटापालट

आता येतं ते ज्याला सगळे घाबरतात. "नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड." हे हॅव आय काय आहे? प्रश्न नाही तरी प्रश्नासारखं का?

नियम असा की नकारी शब्द किंवा नकारी तुकडा उचलून वाक्याच्या अगदी पुढे आणला की मागचं वाक्य प्रश्नाच्या क्रमात जातं. नकार जागेवर असेल तर काहीच हलत नाही. हे समजायला विन्स्टन चर्चिलची दोन भाषणं पुरेशी आहेत, दोन्ही १९४० ची, दोन्ही ब्रिटनच्या संसदेतली. ४ जूनला तो म्हणाला "वी शॅल नेव्हर सरेंडर". नेव्हर आपल्या नेहमीच्या जागी, शॅल आणि मुख्य क्रियापदाच्या मधे, म्हणून क्रम साधा. मग २० ऑगस्टला हवाई दलाच्या वैमानिकांबद्दल बोलताना, "नेव्हर इन द फील्ड ऑफ ह्यूमन कॉन्फ्लिक्ट वॉज सो मच ओड बाय सो मेनी टु सो फ्यू". नेव्हर पहिल्या नंबरला आला आणि लगेच वॉज उडी मारून सो मच च्या आधी गेला. तसंच नेल्सन मंडेला, १० मे १९९४, प्रिटोरियात राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतल्यानंतरचं भाषण, "नेव्हर, नेव्हर अँड नेव्हर अगेन शॅल इट बी दॅट...", म्हणजे या सुंदर भूमीवर एकानं दुसऱ्यावर केलेला जुलूम पुन्हा कधीही, कधीही होणार नाही. तीनदा नेव्हर आणि मग "शॅल इट". मला हे वाक्य मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायला फार आवडतं कारण व्याकरण शिकवावं लागत नाही, कानालाच कळतं की शॅलच्या आधी माणूस श्वास घेतो.

करायचं कसं ते सांगते. साधं वाक्य घ्या, "आय हॅव नेव्हर सीन सच अ क्राउड". नेव्हर बाजूला काढा. उरलेल्या वाक्याचा प्रश्न करा, "हॅव आय सीन सच अ क्राउड". प्रश्नचिन्ह टाकू नका आणि पुढे नेव्हर चिकटवा. संपलं. जर वाक्यात मदतीला हॅव, इज, विल, कॅन असं काही नसेल तर प्रश्नाला लागतो तसा डू, डझ, डिड आणा आणि डिड आला की क्रियापद मूळ रूपात. "लिटल डिड आय न्यू" असं काही नसतं, "लिटल डिड आय नो", नो, न्यू नाही. या एका जागी निम्मा वर्ग मार्क घालवतो.

"लिटल डिड आय नो" वरून आठवलं, मराठीत याला अगदी बिनचूक जोडी आहे, "मला कुठे माहीत होतं". आपण या वाक्यात नाही वापरतच नाही, कुठे म्हणतो आणि नकार आपोआप येतो. इंग्रजीतही नॉट नाही, लिटल आहे. "मला कुठे माहीत होतं की ती शेवटची भेट ठरेल", "लिटल डिड आय नो दॅट इट वुड बी अवर लास्ट मीटिंग". पण सांभाळा, हेच जर चिडून म्हणायचं असेल, "मला काय माहीत, मला कुठे कोणी सांगितलं!" तर तिथे लिटल डिड आय नो बसत नाही, तिथे "हाऊ वॉज आय सपोज्ड टु नो?". पहिलं गोष्ट सांगतानाचं आहे, दुसरं भांडतानाचं.

या साच्यात पुढे येणारे बाकीचे तुकडे म्हणजे "अंडर नो सर्कमस्टन्सेस", "ॲट नो टाइम", "ऑन नो अकाउंट", "नॉट फॉर अ मोमेंट". "ओटीपी कुणालाही कुठल्याही परिस्थितीत देऊ नका" हे लेखी सूचनेत लिहायचं तर "अंडर नो सर्कमस्टन्सेस शुड यू शेअर युअर ओटीपी". ओन्लीसुद्धा या पंगतीत बसतो, "तेव्हाच मला कळलं", "ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड", कारण तेव्हाच म्हणजे त्याच्या आधी नाही.

उलटापालट कुठे करायची नाही हेही तितकंच नीट समजून घ्या. एक, जेव्हा नकारी शब्द हाच कर्ता असतो. "नॉट अ सिंगल स्टुडंट केम", इथे डिड आणायचा नाही, कर्ता आधीच पुढे आहे, हलवायला काही उरलंच नाही. आणि दोन, जेव्हा तुकड्यात नो किंवा नॉट दिसतो पण वाक्याचा अर्थ होकारी असतो. "इन नो टाइम ही फिनिश्ड द वर्क" म्हणजे बघता बघता त्यानं काम संपवलं. काम झालं, म्हणून साधा क्रम. "ॲट नो टाइम डिड ही फिनिश द वर्क" म्हणजे कधीच संपवलं नाही. काम झालं नाही, म्हणून उलटा क्रम. "नॉट लाँग अगो, आय मेट हर" मध्येही भेट झालीच आहे, म्हणून आय मेट. स्वतःला विचारा, शेवटी गोष्ट घडली का? घडली असेल तर हात लावू नका. वरचा ओन्ली आणि नो सूनर, हार्डली, नॉट ओन्ली, नॉट अनटिल एवढे मात्र यात बसत नाहीत, तिथे गोष्ट घडूनही क्रम उलटा होतो, त्यांचं पुढे सांगतेच.

पुण्यात मॅक्सम्युलर भवनला किंवा कुठेही जर्मन शिकलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. जर्मनमध्ये पुढे काहीही आणा, क्रियापद दुसऱ्या नंबरलाच बसतं. जुन्या इंग्रजीतही तशी सवय होती, आता बहुतेक ठिकाणी ती गेली, पण नकार पुढे आला की अजून टिकून आहे. म्हणूनच हे वाक्य जरा जुनं, जरा भारदस्त वाटतं.

जुन्यावरून अजून एक. जॉन केनेडीच्या २० जानेवारी १९६१ च्या भाषणातलं "आस्क नॉट" अनेकांना पाठ असतं आणि मग मुलं निबंधात "थिंक नॉट", "गो नॉट" असं लिहितात. तो मुद्दाम घेतलेला जुना थाट आहे, तुम्ही डोन्टच लिहा.

पाचवी पायरी: बोर्डाच्या पेपरातले साचे, पण मराठीतून

"नो सूनर" ला घाबरणाऱ्यांना मी एकच वाक्य सांगते, "घंटा वाजते न वाजते तोच पोरं बाहेर पळाली". वाजते न वाजते! आपल्याकडेही मधे न आहेच की, आणि तरी घंटा वाजलेलीच आहे. तसंच ते, "नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट". गोष्ट घडूनही इथे क्रम उलटा आहे, कारण आपला न जिथे बसतो तिथेच इंग्रजीचा नो बसलाय. आणि तोच च्या जागी दॅन. पेपरात डिड रिंग जास्त दिसतं, इंग्रजी पुस्तकांत "हॅड द बेल रंग" जास्त सापडेल, दोन्ही बरोबर. हार्डली आणि स्केर्सलीनं सुरू केलं तर मात्र दॅन नाही, व्हेन. सूनर ही तुलना आहे म्हणून दॅन, हार्डली ही तुलना नाही म्हणून व्हेन, पाठ करायची गरजच नाही.

"नॉट ओन्ली" म्हणजे आपलं "नुसतं... नाही तर". "तो नुसता उशिराच आला नाही तर फाईलपण विसरला." पुढे आणून, "नॉट ओन्ली डिड ही कम लेट, बट ही ऑल्सो फरगॉट द फाईल". उलटापालट फक्त पहिल्या भागात, बटच्या नंतर साधा क्रम. आणि दोनच शब्द जोडायचे असतील तर पुढे आणायचंच कशाला, "शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नडा", सोलापूरकडच्या कितीतरी घरांत हे वाक्य अगदी खरं आहे. जे जोडताय त्याच्या अगदी लागून नॉट ओन्ली ठेवा एवढंच.

"नॉट अनटिल" मध्ये उलटापालट कुठल्या भागात करायची यावरून गोंधळ होतो. "पाऊस थांबेपर्यंत आम्ही निघालोच नाही." "नॉट अनटिल द रेन स्टॉप्ड डिड वी लीव्ह." पावसाचा भाग तसाच, मुख्य वाक्य उलटं. बोलताना जड वाटलं तर "वी डिडन्ट लीव्ह अनटिल द रेन स्टॉप्ड" म्हणा, नव्वद टक्के वेळा तेच पुरतं.

सहावी पायरी: असं नाही की

मराठी माणूस दिवसातून किती वेळा हे म्हणत असेल, "मला यायचं नाही असं नाही, पण..." याला इंग्रजीत बघा, "इट्स नॉट दॅट आय डोन्ट वॉन्ट टु कम, इट्स जस्ट दॅट..." आता तुम्ही म्हणाल दुसऱ्या पायरीत तर एकच नाही सांगितलं आणि इथे दोन कसे? इथे वाक्यं दोन आहेत, म्हणून नकारही दोन चालतात, एक असं नाही चा आणि एक यायचं नाही चा. मला हा साचा सगळ्यात जास्त कामाचा वाटतो, कारण नातं न दुखावता नकार द्यायला तो आपल्या मराठीच्या सवयीला अगदी जुळतो. साहेबांना रविवारी यायला जमणार नाही हे सांगायचं, लांबच्या चुलतबहिणीला परदेशातल्या लग्नाला येता येणार नाही हे कळवायचं, सगळीकडे चालतो.

त्याचा जरा तिखट भाऊ म्हणजे "मी थोडीच म्हणाले होते". "इट्स नॉट लाइक आय सेड..." किंवा अजून तिखट, "ॲज इफ". "तो कुठला येतोय!" म्हणजे "ॲज इफ हीड कम!" नॉट एकही नाही आणि नकार ठणठणीत, कुठला मध्ये आहे तसाच.

दोन जागा, जिथे अर्थ उलटा होतो

कुणी विचारलं, "जेवली नाहीस ना अजून?" तर आपण सहज म्हणतो, "हो, नाही जेवले". तो हो समोरच्याच्या म्हणण्याला असतो, तुझं बरोबर आहे या अर्थी. इंग्रजीत येस किंवा नो हे घडलेल्या गोष्टीला असतं. माझ्या एका विद्यार्थिनीला फोनवरच्या इंटरव्ह्यूत विचारलं, नाइट शिफ्टला तुम्हाला काही प्रॉब्लेम नाही ना, आणि ती उत्साहानं "येस, येस" म्हणाली. तिच्या मनात होतं हो, नाहीये. पलीकडच्यानं ऐकलं की प्रॉब्लेम आहे. तिला नंतर फोनच आला नाही आणि तिला कारणही कळलं नव्हतं, आम्ही बसून ते सगळं संभाषण आठवून लिहिलं तेव्हा सापडलं, आणि मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं कारण ही गोष्ट मी तिला आधीच शिकवायला हवी होती. म्हणून नुसतं येस किंवा नो वर कधी थांबू नका, पुढे छोटं वाक्य जोडाच. "नो, आय डोन्ट. नाइट शिफ्ट इज फाइन." तसंच, मला पण नाही आवडत याला "मी ऑल्सो नॉट" नाही, "नायदर डू आय". इथेही नायदर पुढे आणि क्रम उलटा, चौथी पायरीच.

दुसरी जागा, "आय कान्ट थँक यू इनफ". नवीन माणसाला वाटतं की आभार मानता येत नाहीत म्हणजे काहीतरी नाराजी आहे. उलट आहे, कितीही आभार मानले तरी कमीच. "आय कुडन्ट ॲग्री मोअर" म्हणजे याहून जास्त सहमत होणं शक्य नाही, शंभर टक्के पटलं. ही वाक्यं ऐकून समजली तरी पुरे, वापरायची घाई करू नका.

आता सराव

उलटापालटीचे साचे रोजच्या गप्पांत वापरू नका. "नेव्हर हॅव आय ईटन सच पोहे" असं नाश्त्याला म्हटलंत तर लोक बघत राहतील, तिथे "आय हॅव नेव्हर हॅड पोहे लाइक दिस" म्हणा. भाषण, निबंध, औपचारिक पत्र, सूचना, गोष्ट सांगणं, ही त्यांची घरं. बोलण्यात नेव्हर, ॲट ऑल, ईव्हन, इट्स नॉट दॅट, एवढ्यावर नव्वद टक्के निभावतं.

रोज रात्री दिवसभरात स्वतः ठासून म्हटलेलं एक नाहीचं वाक्य आठवा, खरं बोललेलं, बनवलेलं नको. मराठीत लिहा, च, सुद्धा, एकही, कुठे, थोडीच जे असेल त्याला गोल करा, मग त्याच्या जोडीचा साचा शोधा आणि तीनदा मोठ्यानं म्हणा. म्हणताना जोर कुठे टाकायचा ते चाचपडून बघा, "आय नेव्हर सेड दॅट" मध्ये जोर नेव्हरवर टाकला तर मी म्हणालेच नाही, आयवर टाकला तर मी नाही म्हणाले दुसरं कुणी म्हणालं असेल, आणि दॅटवर टाकला तर तसं नाही म्हणाले, वेगळं काहीतरी म्हणाले. इथे शब्द एकही हलला नाही, आपला च तेवढा आवाजात गेला. ती बारावीची मुलगी आता वहीत असंच लिहून आणते, डाव्या बाजूला मराठी, गोल केलेला च, उजव्या बाजूला इंग्रजी, आणि पहिल्या ओळीला आहे "मी त्याला कध्धीच सांगितलं नाही", समोर "आय नेव्हर टोल्ड हिम", नेव्हरखाली दोन रेघा.